फळ्यांची मागची बाजू

सॉनात सगळ्यात आधी याडीला बसवायचं, हा हट्ट माझाच होता. याडी म्हणजे माझी आई, मानीबाई. दोष द्यायला दुसरं कोणी शोधायची सोय नाही.

यवतमाळात माझं बायकांचं व्यायामकेंद्र आहे. मागच्या खोलीत मी सॉना करायचं ठरवलं. लाकडाची बंद खोली, कोपऱ्यात विजेची शेगडी, तिच्यावर दगड, आणि आत बसून घाम गाळायचा. आमच्या उन्हात घामाची काय कमी, म्हणून आमच्या बंजारा तांड्यात सगळे हसले. याडी तर त्याला भट्टीच म्हणायची.

लाकूड नागपूरहून मागवलं, देवदाराचं. हलकं, तापलं तरी पाठ टेकवता येते, आणि वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. व्यापाऱ्याने सोबत एक इंग्रजी कागद दिला होता. लाकडाला पॉलिश नको, तेल नको, कसलंही औषध नको. खोली तापली की लावलेलं सगळं हवेत उतरतं. तो कागद मी बाला, म्हणजे वडिलांना, मराठीत सांगितला. बाचं नाव भीमसिंग. शेती सांभाळून सुतारकाम करतो. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात, घराच्या अंगणात बसून त्याने आठ दिवस त्या फळ्या कापल्या, रंधा मारला, आणि टेम्पोत घालून आणून बसवल्या. काम असं की बोट फिरवलं तर सांधा सापडत नव्हता.

डिसेंबरातल्या त्या सकाळी शेगडी पहिल्यांदा पूर्ण तापवली. काटा सत्तरवर आला. याडीचे गुडघे थंडीत फार धरतात. तिला सुती लुगड्यात आत नेऊन बाकावर बसवलं.

"देवदाराचा वास तेज राह्यते, घाबरू नको," मी म्हटलं. "लंबा श्वास घे. अन् म्या आवाज देल्याबिगर उठू नको."

"बरं वं बाई," याडी म्हणाली. मी लहानपणी शाळेत जाताना ती मला बजावायची, तसं तिला बजावताना मला मोठी मजा वाटली.

उद्घाटनाला फोडायचा नारळ आणायचा राहिला होता. माझ्याकडे कामाला असलेल्या बबिताला सांगितलं, पंधरा मिनिटं दार उघडू नको, ऊब जाते. बाला स्कूटीवर मागे बसवलं आणि दत्त चौकात गेले.

बा नारळ कानाशी नेऊन हलवून बघत होता. खुशीत होता.

"आता वीस वर्स पाहणं नाही," तो म्हणाला. "तुह्या याडीनं सगळ्या फळ्यायले मागून वाळवीचं औषध मारलं. चांगले दोन हात मारले."

"काय मारलं?"

"औषध. घरचंच होतं, फवारणीचं, डब्यात उरलेलं."

"बा, तुले कागद वाचून दाखवला होता ना म्या!"

"मंग? म्या काहीच नाही लावलं. औषध लावणं त तिचं काम होय. अन् मागूनच मारलं, समोरून दिसत नाही."

आमच्या घरात याडीचा हात फिरल्याशिवाय कुठलंच लाकूड भिंतीला लागत नाही. काळी माती, जिकडेतिकडे वाळवी. बा चौकट करतो, याडी काठीला फडकं बांधून औषध फिरवते, सारवल्यासारखं. हे मी जन्मापासून बघत आले होते. तरी कागद सांगितला तो सुताराला. ती अंगणातच तूर निवडत बसली होती, तिला सांगायचं मला सुचलं नाही.

फवारणीच्या दिवसांत औषध चढलेली माणसं मी पाहिली आहेत. ती तरी मोकळ्या रानात असतात. याडी बंद खोलीत होती, चारी बाजूंनी तेच औषध, आणि सत्तर अंश.

बबिताला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. स्कूटीची चावी दोनदा उलटी घातली. वाटेत एक एसटी आडवी वळत होती. मी तिच्या ड्रायव्हरला आईमाईवरून शिव्या दिल्या. बा मागून विचारत होता, "काहून वं? काय झालं?" मला सांगवेना. तोंडाने उच्चारलं तर तसंच होईल, अशी भीती वाटत होती.

बबिता दारापुढे रांगोळी काढत होती. फोन आत चार्जिंगला. मी रांगोळी तुडवत आत गेले आणि सॉनाचं दार ओढलं. तोंडावर झळ आली, आणि तिच्यात तो वास, कडवट, ओळखीचा.

याडी ताठ बसलेली होती. हात मांडीवर. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, आणि छाती वरखाली होत होती. मला बघून हसायचा प्रयत्न केला आणि तिथेच ओकली.

बाने आणि मी उचलून बाहेर आणली, अंगावरचं लुगडं काढून पाणी ओतलं. दवाखान्यात डॉक्टर विचारू लागले, औषध कोणतं? डबा तांड्यात. बाने शेजारच्या देवीलालला फोन केला, त्याने डब्यावरच्या लेबलचा फोटो काढून पाठवला. तेवढी पाच मिनिटं बा भिंतीला कपाळ लावून उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी याडीने डोळे नीट उघडले. धोका टळला, डॉक्टरांनी सांगितलं. मग माझा राग आला, भीती सरल्यावर येतो तसा.

"वास नाही आला का तुले? डोये झोंबले नाही? बाहीर काहून नाही आली?"

याडी माझ्याकडे बघत राहिली. आपलं काही चुकलं की काय, अशी.

"आला ना वास," ती हळू म्हणाली. "तूच म्हटलं होतं, देवदाराचा वास तेज राह्यते. म्हून म्या आखीन लंबा श्वास घेतला."