मावळतीला मिटणारे दार

वाटणीच्या दिवशी तेंग-ह्वेइने आपल्या मामांसमोर एकच अट घातली होती: कोणाचीही विजेची तार दुसऱ्याच्या जमिनीवरून जाणार नाही. मामांनी ती मान्य केली, आणि वाटणीत मामांचा शब्द म्हणजे शेवटचा. विजेचा खांब तेंग-ह्वेइच्या ड्रॅगन फ्रूटच्या मळ्यात राहिला. त्याच्या विधवा वहिनीच्या, सुइ-लिएनच्या, वाट्याला ओढ्याकाठची अंधारी पट्टी आली.

त्या पट्टीवर तिचे खुराडे होते. लेक पेइ-यिन हिवाळ्यात बाळंत होणार होती. बाळंतिणीला महिनाभर तिळाच्या तेलात, भरपूर आले घालून शिजवलेली कोंबडी द्यायची, आणि तीही आईने पाळलेली. बाजारची कोंबडी घेऊन आलेल्या आईकडे लेकीची सासू कशी पाहते, हे सुइ-लिएनने स्वतःच्या बाळंतपणात पाहिले होते. पण संध्याकाळी ती बाजारात नूडल्सची गाडी लावी. दिवेलागणीला खुराडे बंद करायला कोणी नसे, आणि डोंगरातली उदमांजरे नेमकी तेव्हाच खाली उतरत.

म्हणून भर उन्हाळ्यात तिने आपोआप मिटणारे दार आणले. सौर पट्टी दक्षिणेकडे तिरपी बसवली. बॅटरीचा डबा ओलीपासून दूर, उंच टांगला. दार अडखळू नये म्हणून त्याची खाच घासून गुळगुळीत केली, तळाशी भुसा साचू नये म्हणून फट ठेवली. उजेड ओळखणारा डोळा वळचणीखाली, मळ्याकडच्या कोरड्या भिंतीवर लावला. तळव्याने तो झाकताच मोटर घुरघुरली आणि दार सावकाश खाली आले. हात काढताच वर गेले.

"वा, वहिनी! कोंबड्यांना दरवान ठेवलात?" कुंपणापलीकडून तेंग-ह्वेइ म्हणाला. "पगार कोण देणार त्याचा?"

"तुमच्याकडे मागायला येणार नाही, भावजी."

"या की. नाही म्हणायला मजा येते मला."

उन्हाळाभर दार चोख चालले. मग दिवस लहान होऊ लागले, आणि एका सकाळी दोन कोंबड्या कमी भरल्या. पिसे ओढ्यापर्यंत विखुरली होती.

त्या संध्याकाळी तिने गाडी लावली नाही. ऊन उतरले, कोंबड्या आत गेल्या, दार खाली आले. तेवढ्यात मळ्यातले दिवे लागले. थंडीतही फुले धरावीत म्हणून अख्खा तालुका ड्रॅगन फ्रूटला अंधार लवकर दाखवत नाही. ते बल्ब तिनेच नवऱ्याबरोबर टांगले होते. डोळा बसवताना नेमके तेच ती विसरली होती. दार पुन्हा वर गेले.

"दरवानाला सकाळ झाली वाटतं!" तेंग-ह्वेइ खदखदून हसला. "नव्या वर्षाला पूर्वजांपुढे ठेवायला दोन कोंबड्या द्या, कडेची ओळ विझवतो."

"लेकीच्या तोंडचा घास काढून? तुमच्या भावाच्याही घशाखाली उतरणार नाही तो."

"मग वाढा उदमांजराला!"

तिने डोळा काढून ओढ्याकडच्या भिंतीवर नेला आणि त्यावर काळ्या नळीचा तुकडा खाली तोंड करून चढवला. दार मिटले, ते मिटलेलेच राहिले.

दुसऱ्या संध्याकाळी ओढ्याच्या वळणावर नवा बांबू उभा होता. त्यावर बल्ब, रोख थेट खुराड्यावर, नळीच्या तोंडाखाली; दार पुन्हा वर गेले होते. आसपास ड्रॅगन फ्रूटचे एकही झाड नव्हते. सुइ-लिएन बल्बकडे पाहत बसली नाही. तारेचा माग काढत गेली. बांबू तेंग-ह्वेइच्या हद्दीत होता, पण वळसा वाचवण्यासाठी त्याने तार सरळ तिच्या पट्टीवरून ओढली होती.

"मामांना फोन लावते हं, भावजी."

त्याचे हसू मावळले. "त्यांना कशाला मध्ये आणता? एवढीशी तर तार!"

"वाटणीच्या दिवशी मीही हेच म्हणाले होते."

मामा काठी टेकत आले. त्यांनी तार पाहिली, मग भाच्याकडे पाहिले. "काढ. बांबूही उपट. बाळंतिणीच्या कोंबड्यांवर उजेड पाडतोस? लाज वाटत नाही?"

तेंग-ह्वेइने दातओठ खात बांबू उपटला.

पेइ-यिनला मुलगा झाला. महिना भरल्यावर रिवाजाप्रमाणे सुइ-लिएनने सगळ्या नातलगांना तेलातला भात पाठवला, वर कोंबडीची एकेक तंगडी. तेंग-ह्वेइच्या डब्यात भात होता, शुभ म्हणून लाल रंगवलेली अंडी होती.

"वहिनी, तंगडी विसरलात!" तो कुंपणाशी येऊन ओरडला.

"विसरले नाही, भावजी. उदमांजराला वाढली."

तिच्या पाठीमागे मोटर घुरघुरली आणि दार खाली आले.