सात नंबरला ओ

मेघा रामटेकेला गोंगाटाचा मनस्वी तिटकारा. प्रतापनगरातून कोराडी रोडवरच्या प्राणी-निवाऱ्यात रोज स्कूटीनं येणाऱ्या माणसाला तो असायचाच. पण हिचा तिटकारा अभ्यासातला होता. वानराच्या पिल्लांचा आवाज कसा पिकत जातो, यावर ती पीएच.डी. करत होती. तिथल्या एका पिल्लाच्या पिंजऱ्यात तिनं रेकॉर्डर टांगला होता. संगणकावरचा प्रोग्राम त्यातून फक्त पिल्लाचे आवाज वेचून घेई आणि ट्रकचे हॉर्न, बादल्या, माणसं, सगळं गोंगाट म्हणून फेकून देई. ते फेकलेलं मेघानं कधी ऐकलं नव्हतं. कशाला ऐकायचं?

पिल्लाला सगळे सात नंबर म्हणत. आई विजेच्या तारेला चिकटून गेली, तेव्हा ते ओंजळीत मावण्याएवढं होतं. मोठं झालं की त्याला कळपात सोडायचं, म्हणून माणसाची सवय नको. त्याला नाव ठेवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, असा निवाऱ्याचा कडक नियम. हा नियम मेघाच्या पथ्यावरच पडला. हाकेला उत्तर देणारं कोणी नसलं तरी पिल्लाचा आवाज आपला आपण पिकतो का, हेच तिला पाहायचं होतं. आणि तो पिकत होता! सुरुवातीची फाटकी, चिरकी ‘चीं’ जाऊन आठ महिन्यांत भरीव, लांब ‘हूं’ आली होती. निष्कर्ष लिहून झाला, गाईड खूश झाले, पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

पण माशी शिंकलीच. आलेखात दर बुधवारी खड्डा पडत होता. त्या दिवशी ‘हूं’ कमी, ‘चीं’ जास्त. मेघानं बॅटरी बदलली, रेकॉर्डर बदलला. खड्डा हलायला तयार नव्हता. शेवटी नाइलाजानं, बुधवारशी ताडून पाहायला, तिनं एका मंगळवारचं सगळं रेकॉर्डिंग, न गाळता, कानाला लावलं.

पिल्लानं हाक मारली. हाक संपली. मग अगदी हळू, एका बाईचा आवाज आला, ‘‘ओ.’’ पुन्हा हाक, पुन्हा ‘‘ओ.’’ दिवसभर हेच.

पिंजरे धुणाऱ्या आणि पिल्लांना दूध पाजणाऱ्या सिंधूताईंची सुट्टी बुधवारी असे.

मेघा तरातरा गेली, तेव्हा ताई सात नंबरच्या पिंजऱ्यासमोर बसून दुधाच्या बाटल्या धूत होत्या.

‘‘ताई, तुम्ही याच्याशी बोलता?’’

‘‘नाई बा. बोलाले मनाई हाय ना, मॅडम. मी फक्त ओ देतो.’’

‘‘पण काहून?’’ चिडली की मेघाही नागपुरीवर येई.

‘‘लेकराची हाक आमच्या घरी खाली पडू देत नाई. हात पिठात असो का शेणात, आधी ओ द्याची, मंग उठाचं. मायी सासू तं तोंडात घास असला तरी ओ दे.’’

मेघाला रडूच फुटलं. आठ महिने पाण्यात गेले होते. उत्तर देणारं कोणी नव्हतं, याच एका गोष्टीवर तिचा प्रबंध उभा होता. तिनं ते ताईंना कसंबसं समजावलं, आणि ताईंचा चेहरा पडला.

‘‘माह्यामुळं तुमचं शिक्षण बुडालं काय, मॅडम?’’

‘‘अजून नाही,’’ डोळे पुसत मेघा म्हणाली. ‘‘एक महिना अजिबात ओ देऊ नका. तेवढ्यात आवाज टिकला, तर काहीतरी वाचेल.’’

‘‘नाई देत. तोंडात पदर धरतो.’’

बोलणं होतंय तोच सात नंबरनं हाक मारली. छान, भरीव ‘हूं’. ताईंनी खरोखरच पदराचा बोळा तोंडात धरला. पिल्लू थांबलं, मग पुन्हा हाक मारली. तिसरी हाक मोठी होती, चौथी मध्येच चिरकली आणि पाचवी नुसती ‘चीं’ निघाली. या पायऱ्या मेघाला आलेखावर तोंडपाठ होत्या. समोर बसून तिनं त्या आज पहिल्यांदा पाहिल्या. दर हाकेनंतर पिल्लू गज धरून, मान तिरकी करून गप्प बसत होतं. ते ऐकत होतं. तिच्या सगळ्या तक्त्यांत या गप्प बसण्याला कुठे रकानाच नव्हता. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून हूं की चूं नाही.

हा महिना गेला तर सगळंच गेलं, हे मेघाला पक्कं ठाऊक होतं. रेकॉर्डर डोक्यावर चालू होता.

‘‘ओ!’’ ती म्हणाली.

भलतीच मोठ्यानं, आणि तीही पिल्लाची हाक चालू असताना. पिल्लू दचकून मागच्या कोपऱ्यात पळालं. ताईंनी तोंडातला पदर काढला.

‘‘अशी नाई वं पोरी,’’ त्या म्हणाल्या. मॅडम म्हणायचं त्या विसरूनच गेल्या. ‘‘त्याचं पुरं होऊ दे. मंग द्याची.’’

बऱ्याच वेळानं कोपऱ्यातून बारीकशी हाक आली. मेघानं आठ महिन्यांत पहिल्यांदा ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि मग ओ दिली.