उस्तादाचा ब्रेक

सावली गावात कोणी गाडी जरा सफाईने वळवली, की लोक विचारायचे, "खुशालभाऊच्या हाताखालचा का?" आणि बहुतेक वेळा तो असायचाच. खुशालचा बाप तलावात जाळे टाकून जगला, पण खुशाल मात्र स्टिअरिंगला चिकटला तो चिकटलाच. एकतीस वर्षे त्याने एसटी चालवली आणि गाडीला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून जुन्या जीपवर गावातल्या पोरापोरींना गाडी शिकवू लागला. सगळे त्याला उस्ताद म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचे.

क्लच आणि गिअर काय, कोणीही शिकवील. उस्तादाची खरी विद्या ब्रेकची होती. "ब्रेकवर उभं नाई राह्याचं. दाब, सोड. दाब, सोड. चाक जाम झालं का गाडी हातातून गेली समज." हे तो इतक्यांदा सांगे की शिकणाऱ्याच्या डोक्यात शिरो न शिरो, पायात शिरायचे. कोणी घाबरून कचकन ब्रेक दाबला की टपली बसायची, मग तो साहेबाचा मुलगा का असेना.

सगळ्यात जास्त टपल्या खाल्ल्या त्या त्याच्या मुलीने, पायलने. ती धानोऱ्याच्या दवाखान्यात औषधे देण्याच्या कामाला होती. दोन बस बदलून जायचे-यायचे, त्यात जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी तिने नवीकोरी गाडी घेतली. सोमवारपासून एकटीच जाणार म्हणाली. गडचिरोली सोडली की पुढे जंगलच जंगल, कधी रानडुक्कर आडवे येते तर कधी नीलगाय. खुशालला घास गोड लागेना. मुलगी मोठी झाली, शहाणी झाली, हे सगळे खरे, पण भीतीला ते कोण सांगणार? त्याने अट घातली, "रविवारी मी संगं बसतो. मी हो म्हटलं, तरच सोमवारी जायचं."

रविवारी सकाळी दोघे निघाले. खुशाल बसतो न बसतो तोच गाडी टुंग-टुंग करू लागली.

"काऊन वरडून राह्यली हे?"

"बाबा, पट्टा लावा तुमी."

त्याने पट्टा लावला. पुढे डांबरावरची पांढरी रेघ ओलांडताना स्टिअरिंग आपोआप जरासे मागे ओढले गेले. पायल म्हणाली, काचेवर आरशामागे कॅमेरा आहे, रेघ सुटली की तो गाडीला सावध करतो. खुशालने त्या कॅमेऱ्याकडे नव्या सुनेकडे पाहावे तसे पाहिले. मनात म्हणाला, एवढे सगळे ही गाडीच करणार, तर माणसाने काय फक्त हवा खायची?

धानाची मळणी आटोपत आली होती. अर्धा रस्ता धान वाळवायला अडवलेला, कडेने दगड मांडलेले आणि उरलेल्या अर्ध्यावर तणस, म्हणजे मळणीनंतरचा पेंढा, पसरलेले. त्यावर दवाची ओल होती. बायनाबाई नावाची म्हातारी अनवाणी पायांनी धान फिरवत मागे मागे येत होती. ती गाडीकडे पाठ करून होती, आणि फिरवता फिरवता दगडांची रेघ ओलांडून थेट रस्त्यात आली.

गाडीने कर्कश शिटी दिली. पायलने ब्रेक दाबला. तणसावर चाके सरकली, पायाखालचा ब्रेक खडखडा हादरला आणि गाडी पुढेच चालली. मग एकदम कोणीतरी मागून दोर ओढावा तशी गाडी जागीच बसली. म्हातारी वळली तेव्हा तिच्या आणि बोनेटच्या मध्ये हातभर जागा होती.

माणसे धावली. बायनाबाई मटकन खाली बसली, पण तिला खरचटलेही नव्हते. कोणीतरी पाणी आणले. मुखरू नावाचा शेतकरी खुशालला ओळखून म्हणाला, "अरे, हे तर खुशालभाऊची पोरगी! म्हनूनच त वाचली बाई. दुसरा कोनी असता त उडवलीच असती."

चारचौघांनी माना डोलावल्या. खुशालही हसला. कबूल करायला हवे, त्या क्षणी त्याला फार बरे वाटले.

गाडीत परत बसल्यावर पायलने गाडी सुरू केली नाही. ती म्हणाली, "बाबा, मी तुमचंच केलं. दाबलं, हादरा बसला, सोडलं. पन सोडल्यावर गाडी थांबाच्या बदल्यात पुढं गेली. मंग थांबली ते माह्यानं नाई थांबली. माहा पाय वरच होता."

गाडी मध्येच मोकळी सुटली होती, हे खुशाललाही जाणवले होते. एकतीस वर्षांच्या पायाला एवढे कळणारच. मुखरूच्या शाबासकीच्या नादात त्याने ते बाजूला सारले होते, इतकेच.

गडचिरोलीत मिथुनचे गॅरेज होते. मिथुनही उस्तादाच्याच हाताखालचा, पण पुढे नागपूरला जाऊन नव्या गाड्यांचे काम शिकून आला होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिला. गुरूला चूक म्हणायची पाळी आली की चांगल्या शिष्याची अशीच पंचाईत होते.

"सांग ना बे," खुशाल म्हणाला.

"उस्ताद, जुन्या गाडीत तुमचंच बरोबर होतं. चाक जाम होऊ नये म्हनून तुमी पायानं दाब-सोड करत होते. आता तेच काम मशीन करते. एका सेकंदात दहा-पंधरा बार. चाक जाम व्हाले लागलं का ते सोडते, परत दाबते. पायाले खडखड लागते ना, ते मशीनचं दाब-सोड हाये. त्या टायमाले मानसानं पाय सोडला, त मशीनचं काम बंद. गच्च दाबून ठेवाचं आन् गाडी वळवाची. जाम होत नाई म्हनून वळते."

"मंग थांबली कशी?"

"कॅमेऱ्यानं मावशीले पाह्यलं होतं. पाय सुटला, तवा गाडीनं आपल्या मनानं ब्रेक मारला. पन त्याच्या भरवशावर राहू नका. धुकं असलं, काचेवर चिखल असला, त त्याले दिसत नाई. आन् डुक्कर, नीलगाय त ह्या गाडीले वळखूच येत नाई. तिथी पायच पाह्यजे."

धानोऱ्याचा रस्ता खुशालच्या डोळ्यांसमोर आला. त्या रस्त्यावर डुकरापुढे गाडी थांबवायला पायलचा पायच होता, आणि त्या पायात त्याने स्वतः 'सोड' भरून ठेवले होते.

दुपारी सावलीबाहेरच्या मोकळ्या मैदानात त्याने पायलकडून एक पट्टाभर तणस पसरून घेतले, त्यावर पाणी मारले आणि आधी स्वतः गाडीत बसला. वेग घेतला, ब्रेक दाबला, खडखड झाली आणि त्याचा पाय वर आला. पुन्हा केले, पुन्हा आला. पाच वेळा झाले. सहाव्यांदा त्याने दात-ओठ खाऊन पाहिले, तरी पायाने ऐकले नाही. तो उतरला आणि पायलला म्हणाला, "माह्यानं नाई होत. तुह्यानं होईन. बस."

पहिल्यांदा तिचाही पाय सुटला. दुसऱ्यांदाही सुटला.

"बाबा, तुमचाच आवाज येते कानात. सोड, सोड म्हनते."

"मी चुकलो, पायल," खुशाल म्हणाला. हे शब्द त्याने आयुष्यात क्वचितच उच्चारले होते, पण आज ते सरळ बाहेर पडले. "या गाडीत माहं काहीच आयकू नको. खडखड झाली का समज, मशीन काम करून राह्यली. तू दाबून ठेव."

आणखी चारदा तिचा पाय सुटला, पण सातव्यांदा तिने दाबला आणि सोडला नाही. गाडी खडखडत, थरथरत, ओल्या तणसावरही सरळ जाऊन थांबली. मग आठव्यांदा, नवव्यांदा. बाराव्यांदा तिने ब्रेक दाबूनच गाडी डावीकडे काढली आणि मध्ये ठेवलेला माठ वाचवला. खुशालला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही.

"जा उद्या," तो म्हणाला. "एकटीच जा."

संध्याकाळी बायनाबाईचा नातू पिशवीभर नवे तांदूळ घेऊन आला. आजीने पाठवले होते, उस्तादाच्या शिकवणीने जीव वाचला म्हणून. खुशालने पिशवी परत त्याच्याच हातात दिली. "आजीले सांग, माह्या शिकवन्यानं तिचा जीव जात होता. गाडीनं वाचवला." पोरगा गोंधळून पिशवी घेऊन गेला.

मग खुशाल ओट्यावर बसला. गेल्या दोन-तीन वर्षांत कोणाकोणाच्या दारात नवी गाडी आली, ते आठवू लागला. सावलीत पाच, गडचिरोलीत तीन, चंद्रपूरला प्रवीण आणि भद्रावतीची मयुरी. सगळ्यांच्या पायांत त्याचीच विद्या होती. त्याने मोबाइल काढला आणि पहिला नंबर लावला.

"हॅलो, प्रवीण? मी खुशाल बोलून राह्यलो. हो, हो, सगळे बरे हायेत. आयक, तुले मी ब्रेक माराले शिकवलं होतं ना, ते इसरून जा."