बेलदऱ्याच्या आखरावरचा दगड

मित्रांनो, दमला असाल तर टेका खुशाल माझ्यावर. पण एक सांगून ठेवतो, मी काही बसण्यासाठी ठेवलेला दगड नाही. मी हद्दीचा दगड आहे. नागपूर जिल्ह्यात बेलदरा नावाचं गाव आहे. त्याची वस्ती कुठे संपते आणि शेतं कुठे सुरू होतात, हे पिढ्यान्‌पिढ्या मीच सांगत आलो. आता गावाला नगरपंचायत मिळाली, तेव्हापासून गाव म्हटलेलं तिथल्या लोकांना चालत नाही. शहर म्हणायचं. बरं, शहर तर शहर!

माझा जन्म खाणीतला. रंग काळा, अंग घट्ट. मला घडवताना पाथरवटाच्या छिन्नीची धार गेली होती, हे मी आजही छाती काढून सांगतो. मोजणीवाले साखळी ओढत आले, त्यांनी मला निम्मा जमिनीत पुरलं आणि डोक्यावर बाणाची खूण कोरली. त्यानंतर मी हललो नाही. भाऊभाऊ बांधावरून भांडले, वकील आले, मोजण्या पुन्हा झाल्या, आणि दरवेळी सगळे माझ्यापाशी येऊन गप्प झाले. मला वीतभर सरकवायची कोणाची छाती नव्हती. लोक दिवाळीला मला चुना लावायचे, लेकरांना माझ्यावर चढू देत नसत. पुढे चुना बंद झाला. कोणी माझ्यावर निवडणुकीचा कागद चिकटवला, कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला. वाईट वाटायचं. वाटणारच की, दगड झालो म्हणून काय झालं!

जागा मात्र मला झकास मिळाली. मी आखराच्या तोंडाशी उभा आहे. आखर म्हणजे वस्तीला लागून सोडलेली मोकळी जमीन. सकाळी घरोघरची गुरं इथे जमतात आणि मग चरायला निघतात. दुपारी इथे चिटपाखरू नसतं. पण लग्नाचा मांडव पडतो तो इथेच आणि संध्याकाळी पोरांचं क्रिकेट रंगतं तेही इथेच. ज्या वर्षी नाल्याचं पाणी खालच्या मोहल्ल्यात शिरलं, त्या वर्षी तिथली सगळी बिऱ्हाडं भांड्याकुंड्यांसकट इथेच येऊन राहिली, कारण आसपास उंच आणि कोरडी जागा हीच. आणि पोळा! बेलदऱ्याचा पोळा आखरावरच भरतो.

तर नगरपंचायत झाली आणि पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा करायचं ठरलं. पहिल्या नगराध्यक्षा झाल्या प्रेमलताबाई. नागपूरच्या कळमना बाजारात संत्री पाठवणाऱ्या घरातली ही सून बोलायला खमकी आणि कामाला पक्की. नागपूर हुडकेश्वरच्या अंगाने वाढत आपल्याकडे येत आहे, तेव्हा रस्ते, नाल्या, पाण्याची टाकी सगळं आत्ताच ठरवून टाकू, असं त्यांचं म्हणणं. खोटं नाही सांगत, मला त्यांचं कौतुक वाटलं. एवढ्या लांबचं बघणारं माणूस या गावाने त्याआधी पाहिलं नव्हतं.

आराखडा करायला नागपूरहून नूपुर आली. धरमपेठेत वाढलेली ही तरुण नगररचनाकार उन्हातान्हात गल्लीबोळ पायी फिरायची. तिच्या माणसांनी गावावरून ड्रोन उडवला, आणि नेमका भर दुपारी. फोटोत आखरावर काय दिसणार? मातीचा एक तुकडा, आणि कडेला मी. नकाशात त्यावर लिहिलं गेलं, ‘रिकामी जागा’. प्रेमलताबाईंना हेच हवं होतं. धरमपेठेसारखी दुकानं आपल्याही गावात असावीत, हे त्यांचं जुनं स्वप्न. निवडणुकीत तसा शब्दही दिलेला. तेव्हा आखरावर तीन मजली कॉम्प्लेक्स आणि शेजारी बसस्टँड दाखवलं गेलं. गावाची हद्द पार पलीकडे सरकली, म्हणून मला उपटायचंही ठरलं. मला! ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

नकाशा नगरपंचायतीच्या फलकावर लागला. कोणाची काही हरकत असेल तर महिनाभरात लिहून द्या, अशी नोटीस निघाली. लोक गेले, नकाशा पाहिला आणि परत आले. संध्याकाळी मात्र माझ्याभोवती बसून रोज कुरकुरायचे. गुरं कुठे नेऊ, लग्न कुठे लावू, पाणी भरलं तर जाऊ कुठे. हे सगळं मी ऐकत होतो. पण कागदावर एक ओळ लिहील तर शपथ! बेलदऱ्यात कोणाच्या विरोधात लिहून देणं म्हणजे त्याच्याशी वैर धरणं. एकदा सही केली की दोन घरांचं जाणंयेणं बंद. त्यात प्रेमलताबाई निम्म्या गावाच्या नात्यातल्या. नत्थूजी तर त्यांचे चुलत सासरे. तेच सगळ्यांत जास्त कुरकुरायचे आणि कोणी लिहा म्हटलं की म्हणायचे, सुनेच्या विरोधात कागद करणारा सासरा मी नव्हे.

मुदत संपत आली तरी एकही हरकत आली नाही. नूपुरला ते काही ठीक वाटेना. ती एकदा बाईंना घेऊन आखरावर आली आणि म्हणाली की एवढ्या मोठ्या गावात कोणाचीच तक्रार नसेल, तर आपल्याला काहीतरी दिसत नाही आहे. बाई हसल्या. लोक खूश आहेत, असं त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि पोळा बघायला ये म्हणून नूपुरला आग्रहाचं आमंत्रण दिलं. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी मुदत संपणार होती.

मित्रांनो, पोळ्याच्या दिवशी आमचं आखर बघावं! आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली बैलजोड्या ओळीने उभ्या होत्या, शिंगांना बेगड, अंगावर झुली. बैल आता कमी झालेत, म्हणून कोणी ट्रॅक्टरही सजवून आणले होते. तोरण तोडून बैल सोडण्याआधी आमच्याकडे झडत्या म्हणतात. झडती म्हणजे मोठ्याने म्हटलेलं खोचक गाणं. त्यात पाटलापासून आमदारापर्यंत कोणालाही टोमणा मारता येतो, आणि झडतीचा राग धरायचा नाही, असा रिवाज आहे.

नत्थूजी फेटा सावरत पुढे आले. प्रेमलताबाई मानाच्या जागी उभ्या, शेजारी नूपुर. नत्थूजींनी आवाज लावला.

“गाव झालं शहर आमचं, नकाशा आला भारी,
आखरावर दुकानं म्हंते, बैल बांधू कोनाच्या दारी?
बाईच्या घरची गवळाऊ जोडी, अंगावर झूल नवी,
पुढच्या पोळ्याले तिले का लिफ्टनं वरती न्यावी?
हर बोला, हर हर महादेव!”

मग असा हशा उठला की बैल बुजले. एकाने म्हटलं की दुसऱ्याला जोर येतो. खालच्या मोहल्ल्यातल्या माणसाने पुराची झडती म्हटली, एकाने लग्नाच्या मांडवाची. महिनाभर माझ्यापाशी बसून कुरकुरलेलं सगळं तोरणाखाली बाहेर आलं. नूपुर एकेक झडती कान देऊन ऐकत होती. प्रेमलताबाईंचा चेहरा उतरला होता. मला धास्ती वाटत होती. बाई तडक निघून गेल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी मुदत संपली असती आणि आखरही संपलं असतं.

त्या निघाल्याच, पण नत्थूजींच्या दिशेने. डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, “मामाजी, इतकं मनात होतं, तं महिनाभर काहून नाही बोलले?”

नत्थूजी खाली बघत म्हणाले, “कागद देला असता तं घराघरात वैर झालं असतं, बाई. झडतीचं कोनी मनावर घेत नाही.”

“मी घेतलं,” बाई म्हणाल्या.

स्वप्न त्यांचं होतं, शब्द त्यांचा होता, आणि साऱ्या गावादेखत मागे यायचं होतं. हे सोपं नाही, मित्रांनो. मी आयुष्यभर जागचा हललो नाही म्हणून फुशारकी मारली, पण त्या दिवशी कळलं की योग्य वेळी हलायलाही मोठं मन लागतं. बाई नूपुरकडे वळल्या.

“नूपुर, ह्या साऱ्या हरकतीच हाय. लिहून घे. पयली सही माही.”

लिहायला तिथे टेबल कुठलं? नूपुरने कागद माझ्या डोक्यावर पसरला. आधी नगराध्यक्षांनी सही केली, आणि अध्यक्षाच स्वतःच्या आराखड्याला हरकत घेते म्हटल्यावर वैराचा प्रश्नच मिटला. मग नत्थूजींनी केली, आणि मागे रांगच लागली. बैलांच्या अंगाचा रंग सगळ्यांच्या हाताला होता, कागद रंगून गेला. दुसऱ्या दिवशी तो तसाच जमा झाला. सांगा बरं, जिल्ह्यातल्या कुठल्या दगडाला असा मान मिळाला?

पुढे रीतसर सुनावणी झाली. कॉम्प्लेक्स आणि बसस्टँड हायवेच्या बाजूला गेले, आणि तिथे ते शोभतातही. आखरावर नकाशात लिहिलं आहे, ‘गावाची खुली जागा, बांधकाम नाही’. गावाची नवी हद्द आता खूप पुढे आहे, तिथे सिमेंटचे खांब उभे राहिले. मला कोणी उपटलं नाही. मी आता हद्द सांगत नाही, इमारतींनी कुठे थांबायचं ते सांगतो, आणि हे काम मला जास्त आवडतं.

उद्या तुमच्याही गावाचा नकाशा कुठल्यातरी फलकावर लागेल. आईबाबांना हाताला धरून तिथे न्या. तुमची खेळायची जागा त्यात काय म्हणून दाखवली आहे ते बघा, आणि चुकलं असेल तर मुदतीच्या आत बोला. भिऊ नका, लाजू नका. अरे, मी दगड असून एवढं बोललो, तुम्ही तर माणसं आहात.