फळीवर आवाज करायचा नाही

माझ्या वडिलांचे अंगठे रुंद होते, टोकाला जरा मागे वळलेले. त्या अंगठ्यांना डोळे आहेत, असं आमच्या टाउनशिपात म्हणत. खांदा निखळलेला लाकूडतोड्या, कंबर धरलेली शेतकऱ्याची बायको, गंजीवरून पडलेलं पोर, सगळे शनिवारी आमच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, यायचे. मिशिगनच्या या उत्तरेच्या टोकाला सरोवराचा वारा माणसाची हाडं वाजवतो, आणि वाजलेली हाडं ताउनोनं जागेवर बसवायची, अशी इथली रीत. ताउनो म्हणजे माझे बाबा. हे काम ते त्यांच्या आजीकडून शिकले. ती फिनलंडहून बोटीतून आली तेव्हा पेटीत कपडे थोडे आणि कानात गाणी फार होती, असं ते सांगत.

आधी चुलीवरचे दगड तापायचे. दगडांवर पाणी पडलं की वाफ उठे, छताला लागे आणि तिथून खाली खांद्यांवर उतरे. बर्चच्या ओल्या डहाळ्यांची जुडी अंगावर फिरे. माणूस मळलेल्या कणकेसारखा मऊ झाला, की खालच्या फळीवर पालथा. मग बाबांचे अंगठे मानेपासून निघायचे, मणक्यामणक्याचं दार ठोठावत. तोंडानं हलकेच म्हणायचे,

हाडा रे हाडा, ये आपुल्या घरी,
मांसाचं पांघरूण घालीन वरी,
रक्ताची नदी वाहू दे धीरी.

एक बारीक ‘कट्’ व्हायचं. बाबा थांबायचे, ऐकायचे आणि म्हणायचे, “आलं घरी.”

फळीवर एकच नियम होता. आवाज करायचा नाही. दुखलं तर दात आवळायचे, डहाळी चावायची, पण तोंडातून ‘आई गं’ येता कामा नये. हाडवैद्य अंगठ्यांनी ऐकतो, माणूस ओरडला की अंगठे भितात, भ्यालेला अंगठा चुकतो, असं पणजीचं म्हणणं. पण नियमाला इथल्या लोकांनी आपली चेष्टाही जोडली होती. “फळीवर ओरडलास तर या टाउनशिपात कुणी पोरगी देणार नाही हां, शेजारच्या सरोवरापल्याडून आणावी लागेल,” असं म्हणत बाहेर बाकावर बसलेले पुरुष खिदळायचे. आमच्याकडे सोसणं म्हणजेच अब्रू.

आईचं नाव लेम्पी. ती हळूहळू बुटकी होत गेली, आणि आम्ही आधी हसलो. कॉफीचा डबा तिला काढता येईना, तर बाबा म्हणाले, “लेम्पी, फळी वर सरकली की तू खाली?” पुढे एकदा बादली उचलताना तिचं मनगट मोडलं, तेव्हा शहरातल्या क्लिनिकात तपासणी झाली. हाडं आतून जाळीदार झाली होती. ऑस्टिओपोरोसिस. सहा-सहा महिन्यांनी दंडात एक सुई घ्यायची, आणि चुकवायची नाही. आई ती निमूट घेत होती. काही वर्षं पाठ होती तशी राहिली.

मग तो चर्चमधला रविवार. प्रार्थना झाल्यावर तळघरात कॉफी होती, वेलदोड्याचा पाव होता. शेजारची हिल्या आईच्या अंगावरून पुढे वाकली आणि पावाचा तुकडा घेत म्हणाली,

“लेम्पी, तू अजून त्या सुईला जातेस?”

“जाते गं.”

“घरात ताउनो असताना? अगं, न्हाव्याच्या बायकोनं केस कापायला दुसरीकडे जावं तसं झालं की!”

टेबल हसलं. हिल्याच्या मनात वाईट काही नव्हतं. ती बाई कुणाला सर्दी झाली तरी बर्फातून काढा घेऊन जाते. “माझ्या मावसबहिणीचा जबडा सडला त्या सुईनं,” ती पुढे म्हणाली. “मी तुला घोडेशेपटीच्या पाल्याचा काढा देते. हाडाला हाड धरतं. बाकी ताउनोचे हात आहेतच.”

बाबा हसले नाहीत. कपात चमचा फिरवत राहिले आणि अर्धी कॉफी तशीच ठेवून उठले. त्या सुमाराला त्यांच्याकडे फारसं कुणी येत नव्हतं. तरुण लोक शहरातल्या मालिशवाल्याकडे जात, म्हातारे एकेक करून गेले होते. शनिवारी सॉना तापायचा, बाबा हात धुऊन बाकावर बसायचे, आणि रस्त्याकडे बघत बसायचे.

परतताना गाडीत आई म्हणाली, “इर्या, पुढच्या वेळी मला क्लिनिकला नको नेऊस.”

“हिल्याच्या मावसबहिणीसाठी?”

“तुझ्या बाबांनी कॉफी टाकली, पाहिलंस?”

“कॉफी टाकली म्हणून तू सुई टाकणार?”

“ज्या माणसाकडे कुणीच येत नाही, त्याचे हात म्हातारे होतात,” आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. “मी तरी जाईन ना त्याच्याकडे.”

क्लिनिकातून फोन आला. बाई म्हणाली, उशीर करू नका, ही सुई अशी अचानक सोडायची नसते. मी दोघांना शब्दाला शब्द सांगितलं. बाबा म्हणाले, “सुईला काय कळतं, कुठला मणका रुसलाय ते?” आई काढ्याचा घोट घेत म्हणाली, “कडू आहे, म्हणजे गुणाचा असणार.” आणि ती नव्या नवरीसारखी हसली. मी कितीतरी वर्षांत तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. सुईचा विषय मी तिथेच सोडला.

त्या उन्हाळ्यात आमचं घर फुललं म्हणायला हरकत नाही. आई काढा प्यायची, माशाच्या काट्यांचं सूप करायची, तार सुटणारं दही वाटी वाटी खायची, उन्हात पाठ करून वाटाणे सोलायची. शनिवारी बाबा तिच्यासाठी खास कोवळ्या पानांची जुडी बांधायचे. ती फळीवर झोपायची. बाबा गाणं म्हणायचे, आणि शेवटच्या ओळीला आई खालून सूर मिळवायची.

पानगळ सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा तिचा सूर मिळाला नाही. मी बाहेरच्या खोलीत टॉवेल घेऊन उभी होते. आतून बारीक ‘कट्’ आलं. बाबा म्हणाले, “आलं घरी.” आई गप्प. दार ढकललं तर तिची बोटं फळीच्या कडेला रुतली होती, नखं पांढरी.

“आई, काय झालं?”

“काही नाही. वाफ जास्त झाली.”

त्यानंतर ती वाकून चालू लागली. बाबा म्हणाले, “एक मणका अजून रुसलाय, पुढच्या शनिवारी काढू त्याची समजूत.” पुढच्या शनिवारी त्यांनी समजूत काढली. त्याच्या पुढच्याही. दर खेपेला तो आवाज यायचा आणि बाबांचा चेहरा उजळायचा. इतकी हाडं त्यांच्या हातून कधी घरी आली नव्हती. मी म्हटलं, “बाबा, हिला जास्त दुखतंय.” त्यांनी आईकडे बघून विचारलं, “लेम्पी, दुखतं?”

आई म्हणाली, “तुझ्या हातानं? वेडा आहेस का!”

बर्फ पडू लागलं आणि एका सकाळी ती खाटेवरून उठलीच नाही. तोंड राखेसारखं झालं होतं. मी कुणालाच विचारलं नाही. गाडीचं मागचं आसन आडवं केलं, उशा लावल्या, बाबांना पुढे बसवलं आणि शहर गाठलं.

डॉक्टरीण तरुण होती, मऊ बोलायची. तिनं भिंतीवरच्या पडद्यावर आईच्या पाठीचं चित्र लावलं. मणके एकावर एक रचलेल्या पावांसारखे असायला हवेत. मधले चार दाबून बसले होते, कुणी बूट ठेवावा तसे.

“सुई मधेच सोडली की हाडं आधीपेक्षाही भराभर विरतात,” ती म्हणाली. “काढा प्या, उन्हात बसा, चाला, त्यानं काही बिघडत नाही. पण ते सुईच्या जोडीनं हवं, तिच्या जागी नाही. आणि अशा पाठीवर कुणी जोर द्यायचा नसतो. पडला होतात का, आजी?”

“हो,” आई लगेच म्हणाली. “पत्रपेटीजवळ. बर्फावर.”

“कधी?”

“परवा.”

डॉक्टरणीनं पडद्यावर बोट टेकवलं. “हा ताजा आहे. पण हा जुना, हा त्याहून जुना. हे एका वेळचं नाही.”

बाबा टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, “बाई, मणका मोडतो तेव्हा आवाज होतो का?”

“कधीकधी होतो. अगदी बारीक.”

“कसा?”

डॉक्टरीण गोंधळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. बाबांनी आपला अंगठा टेबलाच्या कडेला दाबला आणि जिभेनं एक आवाज काढला, ‘कट्’. “असा?”

“हो, असाही होऊ शकतो.”

“मी पडले, ताउनो,” आई खाटेवरून म्हणाली. “ऐकतोस ना? मी बर्फावर पडले.”

बाबांनी मान हलवली. टोपीखाली हात सरकवले आणि घरी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

सुई पुन्हा सुरू झाली, वेदना कमी करायच्या गोळ्या आल्या, पाठीला पट्टा आला. पण मोडलेलं ते मोडलेलं. आईला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत, आणि घरात आम्ही दोघंच. मी म्हणायचे, “बाबा, जरा खांद्याखाली हात घाला.” ते पुढे येत, हात अर्ध्यावर येई, आणि तिथेच लोंबकळत राही, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग ते मागे सरत आणि लाकडं फोडायला बाहेर जात. फोडलेल्या लाकडांचा ढीग खिडकीपर्यंत आला.

एक दिवस हिल्याचा नवरा मान आखडून आला. बाबा दारातच म्हणाले, “क्लिनिकला जा.”

“अरे, तू आहेस की!”

“मी नाही,” बाबा म्हणाले. “जा म्हणतो ना.”

त्या आठवड्यात हिल्या आईच्या उशाशी बसून रडली. “माझी जीभ झडली असती तर बरं होतं, लेम्पी.” आई तिला म्हणाली, “पाव आणलास का? नुसतीच रडायला आलीस?” हिल्या रडता रडता हसली. ती गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं.

“त्याला सांग, मला पालथी करून फळीवर टाक म्हणावं एकदा. आता काय मोडायचं राहिलंय? नुसता हात ठेवायचा. दाबायचं नाही.”

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “तिनं एकदा तरी ओरडायचं होतं, इर्या. एकदा तरी. मी काय दगड होतो?”

“तुम्हीच शिकवलंत ना बाबा, ओरडायचं नाही म्हणून?”

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि ते लाकडांकडे गेले.

अखेर शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घरात तिची जागा ठरली. माझं काम को-ऑपच्या दुकानात, दिवसभर घरी राहता येईना, आणि बाबांच्यानं तिला हात लाववेना. गाडी आली तेव्हा दोन धट्टीकट्टी पोरं पट्टे लावलेलं स्ट्रेचर घेऊन पायरी चढली. त्यांनी तिला खाटेवरून उचललं. तिची मान मागे गेली, ओठ दातांत गेले, कपाळावर घाम फुटला. आवाज नाही.

बाबा दाराच्या चौकटीला टेकले होते. ते एकदम पुढे झाले.

“ओरड, लेम्पी,” ते म्हणाले. “पोरांना कळू दे कुठे दुखतंय. ओरड.”

आईनं डोळे उघडले. “दुखत नाहीये रे.”

“खोटं बोलू नकोस! ओरड म्हणतो ना!”

पोरं थांबली. मोठ्यानं बोलायची सवय नव्हती बाबांना, त्यांचा आवाज चिरकला. आई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मला दिसलं की ती प्रयत्न करतेय. तिनं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. आयुष्यभर ज्या बाईनं बाळंतपणातसुद्धा हूं केलं नव्हतं, ती नवऱ्यासाठी ओरडायला बघत होती. तोंडातून नुसता श्वास आला.

“येत नाही रे मला,” ती म्हणाली.

पोरांनी स्ट्रेचर पायऱ्यांवरून उतरवलं. मी तिच्यासोबत गाडीत बसले. काचेतून पाहिलं तर बाबा अंगणात उभे होते आणि तोंड उघडून काहीतरी ओरडत होते, पुन्हा पुन्हा. इंजिनाच्या आवाजात आम्हाला ते ऐकू आलं नाही.