दर वर्षीचा खड्डा

सासऱ्यांना सर्व्हेच्या गाडीत बसवलं ते निव्वळ त्यांच्या हट्टापायी. सरकारी गँगचे मुकादम म्हणून त्यांनी याच रस्त्याचे खड्डे तीस वर्षं बुजवले होते. आता हा रस्ता दहा वर्षांसाठी आमच्या कंपनीने घेतला होता. रस्ता चांगला राहिला तर पैसे, उखडला तर दुरुस्ती कंपनीच्या खिशातून. मी तिथे इंजिनिअर.

गाडीखालचे लेझर रस्त्याचे चढउतार मोजत होते. डांबराचा नवा थर, पडद्यावर सगळं हिरवंगार. मी खुशीत होते.

"थांबव!" बाबा ओरडले. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

गुडघेदुखी विसरून बाबा रस्त्यावर उकिडवे बसले. समोर केसाएवढी भेग होती आणि तिच्या कडांना पिठासारखी माती.

"सूनबाई, ही माती वरून पडलेली नाही. खाली पाणी साचलंय. गाडी गेली की ते माती घेऊन वर येतं."

"पण बाबा, मशीन म्हणतंय रस्ता उत्तम आहे."

"ते वरवरचं बघतंय गं!"

भीत भीतच साहेबांना फोन लावला. वाटलं, उडवून लावतील.

"दहा वर्षं हे आपल्याच गळ्यात आहे. खणा!" म्हणाले, आणि अर्ध्या तासात स्वतःच हजर.

एक लेन बंद केली. साईडपट्टीवर कंपनीच्या गँगच्या पहारी चालू लागल्या. काठावर उभ्या बाबांचे हात शिवशिवत होते. "डावीकडे घे! अजून थोडं!"

कमरेइतकं खोल गेल्यावर ठण्ण! रस्त्याखालून पाणी काढून देणाऱ्या सिमेंटच्या पाइपाचं तोंड, गाळाने गच्च तुंबलेलं. गाळ ओढला तसं पाणी भसकन उसळलं आणि खड्ड्यात उतरलेले साहेब गुडघ्यापर्यंत भिजले. गँगने एकच गलका केला. साहेबही खो खो हसत सुटले.

"बाबा, पाइप इथे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दर वर्षी इथेच खड्डा पडायचा. दर वर्षी मी अर्ज द्यायचो, पाइप साफ करा. उत्तर यायचं, खड्डा बुजवा." त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"मुकादम, असे आणखी किती पाइप आहेत?" साहेबांनी विचारलं.

"अकरा! चला, आत्ता दाखवतो."

मी गाडीचं दार उघडेपर्यंत ते पुढच्या सीटवर बसून सासूबाईंना फोन लावतही होते.

"जेवायला थांबू नकोस. कामावर आहे मी!"