उन्हं येईपर्यंत

शुआय गुआंगमिन तीस वर्षं कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झाला होता. बायको पेइयुन गेल्याला हा दुसरा हिवाळा. ती गेल्यापासून त्याने एक सकाळ चुकवली नव्हती. उजाडायच्या आत सोंगहुआ नदी गाठायची, कपडे उतरवायचे आणि वाफा निघणाऱ्या गारेगार पाण्यात सूर मारायचा. धरणाखाली नदी गोठत नाही, म्हणून चिलिन शहरातल्या हौशी म्हाताऱ्यांचा तिथे रोज मेळा जमे. त्यात गुआंगमिन सगळ्यांत दांडगा.

यंदा मात्र खोकला हटेना, कंबर तर बर्फाची लादी झालेली. शेवटी तो नी वैद्यबाईंकडे गेला. पंचाहत्तरीच्या बाईंनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली.

"नदीवर जातोस ना अजून?"

"तब्येत कमवायला जातो, बाई."

"कमवायला! अरे, हिवाळा साठवायचा काळ. अस्वलालासुद्धा कळतं ते. वर्षभर साठवलेली ऊब तू रोज पाण्यात सोडून येतोस." पुड्या बांधता बांधता त्यांनी पथ्य सांगितलं. "रोज दोनदा काढा. नदी बंद. लवकर झोपायचं, उशिरा उठायचं आणि उन्हं आल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही."

"त्यापेक्षा आणखी कडू औषध द्या."

"कडू गिळणारे ढीगभर येतात. स्वस्थ बसणारा एक येत नाही."

काढा त्याने नेमाने घेतला. पण तिसऱ्याच पहाटे चारला डोळा उघडला आणि पाय आपसूक नदीकडे वळले. परतला तो तापाने फणफणून.

ताप उतरल्यावर तो पुन्हा बाईंसमोर जाऊन बसला. बोलणी खायची तयारी होती. बाई नुसती नाडी पाहत राहिल्या, तेव्हा त्यालाच राहवेना.

"चारला जाग येते. शेजारची गादी रिकामी. उन्हं येईस्तोवर त्या घरात करू काय मी?"

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "हे आधी सांगायचंस. मी आपली तुझी कंबर शेकत बसले." मग म्हणाल्या, "तुझ्या घरात ऊन पहिल्यांदा कुठे येतं?"

ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. उभा जन्म कारखान्याच्या पाळ्यांमध्ये गेला, आणि नंतर नदीवर.

"बघ आणि येऊन सांग. त्याशिवाय पुढच्या पुड्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो अंगावर रजई घेऊन घरभर फिरला. झोपायच्या खोलीपुढे नवी इमारत उभी राहिलेली, तिथे उजेड नव्हता. साडेसातच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक पट्टा आत आला आणि चुलीशेजारच्या बुटक्या स्टुलावर पडला. या स्टुलावरून त्याने पेइयुनला कितीदा तरी झापलं होतं. पायात येतं, उचल ते इथून! ती हसायची आणि उचलायची नाही.

तो त्यावर बसला. पाठीवर नेमकं ऊन आलं. मग तो रडला. दीड वर्षात पहिल्यांदाच, मोकळा.

त्याने बाईंना जाऊन सांगितलं. बाईंनी पुड्या दिल्या, औषध तेच ठेवलं. पहाटेची जाग काही लगेच गेली नाही. चारला उठून तो काढा उकळायला ठेवी, गरम पाणी घोट घोट पीत खिडकीशी बसे. कधी तिथेच भिंतीला टेकून डुलकी लागे. वसंताच्या तोंडावर खोकला गेला, आणि एके दिवशी त्याला सहाला जाग आली.

नदीवरच्या मित्रांनी डिवचलं, "काय रे, घाबरलास थंडीला?"

"उन्हाळ्यात येतो," तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे."